जयवंताची घोंगडी

झुंबरच्या अंगात एक मोठा गुण होता. त्याला सांगितलेलं सगळं पटायचं. आणि एक मोठा अवगुण होता. पटलेल्यातलं काहीएक त्याच्या लक्षात राहायचं नाही. वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला गेला की मीठ आणायला विसरायचा, आणि मिठासाठी परत पिटाळला की पाटी मिठाच्या दुकानात ठेवून यायचा. असल्या माणसाच्या हाती त्याच्या बायकोचा, जयवंताचा, जीव सापडला होता, आणि जीव वाचवायचा म्हणजे महिन्याचे दिवस लक्षात ठेवायचे होते.

त्याचं असं झालं. धाकटी पोरगी व्हायच्या वेळी जयवंता अडली. सुईणीनं हात टेकले, तेव्हा जळोचीच्या शिवेवरच्या आपल्या वाडीतून कालव्याच्या कडेकडेनं बैलगाडी हाकत तिला बारामतीच्या दवाखान्यात नेली. पोरगी जगली. जयवंताही जगली, पण कशीबशी. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर उभं केलं. बाई चष्मेवाल्या, तोंडाच्या फटकळ.

"हिला पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही," त्या झुंबरला म्हणाल्या. "तेव्हा मग गाडी जुंपून माझ्याकडे पळत येऊ नका. माझ्याही हातात काही राहणार नाही."

पुढचं बाईंनी इतकं सरळ सांगितलं, की झुंबर आढ्याला किती वासे आहेत ते बघू लागला. जयवंता बाजूला बसली त्या दिवसापासून धरायचं. आठवडा गेला, की पुढचे बारा दिवस नवऱ्यानं तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. एरवी हरकत नाही. "हिचं महिन्याचं अगदी नेमानं येतं, म्हणून हिला सांगते," बाई म्हणाल्या. "दुसरीचा हिशेब दुसरा. आणि पक्का भरवसा यातही नाही, एवढं ध्यानात ठेवा. काय समजलं?"

"बारा म्हैने लांब ऱ्हायाचं," झुंबर म्हणाला.

"तेही चालेल," बाई म्हणाल्या आणि पुढच्या बाळंतिणीकडे वळल्या.

घरी येताना गाडीत जयवंतानं विचार केला. दिवस मोजायचं काम आपलं. ते तिनं कोनाड्यातल्या चिंचोक्यांवर सोपवलं, रोज एक इकडचा तिकडं. पण नवऱ्याला कळवायचं कसं? घर दोन खणांचं, सासूच्या कानाला सुईचा आवाज कळायचा, आणि झुंबरला डोळ्यांनी खुणावलं तर तो मोठ्यानं विचारायचा, "डोळ्यात काय गेलं गं?" तेव्हा तिनं मेलेल्या सासऱ्याची काळी घोंगडी काढली. घोंगडी कुंपणावर दिसली, की झुंबरनं घराकडं यायचं नाही. चारीपलीकडच्या मळ्यात जेवायचं, तिथंच खोपीत झोपायचं. कुंपणावर घोंगडी नसली तर घर त्याचंच आहे. काळी घोंगडी मळ्यातून म्हशीएवढी दिसायची. एवढं मात्र झुंबरच्या लक्षात राहिलं. लोकांना राखणीचं कारण सांगायला कोल्हे होतेच, पेरूच्या बागेवर वटवाघळं होती.

राहता राहिली सासू. धोंडाबाईला नातू हवा होता, दोन नाती तिच्या खिजगणतीत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिच्या कानावर घालावं असं जयवंताच्या मनात एकदा आलं आणि लगेच गेलं. सासू काय म्हणणार ते तिला पाठ होतं. जी जमीन पेरायची सोय नाही ती ठेवून काय करायची, दुसरी बघा. म्हणजे सांगितलं तर सवत, आणि न सांगता नवऱ्याला घरात घेतलं तर तिरडी. जयवंतानं तिसरा रस्ता धरला. गप्प बसली आणि घोंगडी झटकत राहिली.

आता गंमत बघा. धोंडाबाईचं स्वतःचं एक शास्त्र होतं, आणि तिच्या आईनं, आजीनं, सगळ्या गावानं ते तिला शिकवलेलं होतं. बाईचं न्हाणं झालं, की लगेचच्या चार राती खऱ्या. रान वाफशावर आलं की पेरावं, नंतर ओल गेली की बी फुकट. त्यामुळं जयवंता बाजूला बसून उठली, डोक्यावरून न्हाली, की धोंडाबाई कंबर कसायची. मळ्यात जाऊन लेकाला बखोटीला धरून घरी आणायची. त्याला तूपभात वाढायची. दोन्ही नातींना आपल्या कुशीत ओढून, "आज मला थंडी वाजती," म्हणत त्यांना भर उन्हाळ्यात वाकळेत गुंडाळायची. आणि त्या चार राती सरल्यावर घोंगडी कुंपणावर चढली, झुंबर खोपीत गेला, तर हिला त्याचं काही वाटायचं नाही. ओल गेलेल्या रानात माणूस घरी असला काय आणि मळ्यात असला काय. डॉक्टरीणबाईंनी ज्या दिवसांना हरकत नाही म्हटलं होतं, नेमके तेच दिवस सासू स्वतः साजरे करत होती. जयवंता तोंडाला पदर लावून भाकरी थापायची आणि मनात म्हणायची, असली सासू सगळ्यांना मिळो.

दोन वर्षं अशी सुखात गेली. सुखात म्हणजे दर महिन्याला न्हायची वेळ येईपर्यंत जयवंताच्या जिवात जीव नसायचा, पण ती वेळ यायची. धोंडाबाई मात्र खंगत चालली. एवढी मशागत, एवढं तूप, आणि पदरात शून्य. तिनं अंगारे आणले, सुनेच्या दंडाला ताईत बांधला, लेकाला कांद्याचा रस पाजला. झुंबर तो रस मुकाट प्यायचा. त्यालाही तो पटला होता.

इकडं खोपीत एक भानगड शिजत होती. शेजारचा सोपान अधूनमधून तंबाखू मळायला झुंबरकडं यायचा. त्याची बायको सरुबाई. पाच पोरं झालेली, पाचवं अजून अंगावर पीत होतं. सोपाननं एकदा विचारलं, "तुझं बरं हाय गड्या. दोनावर कसं काय थांबलं?" झुंबरला डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांच्या चष्म्याइतकंही आठवत नव्हतं. त्याला घोंगडी आठवत होती. तो म्हणाला, "बारामतीच्या बाईनं सांगितलंय. घोंगडी कुंपनावर असली की बायकूच्या वाऱ्याला उभं ऱ्हायाचं न्हाय. मग पोर हुईत न्हाय." झुंबरच्या लक्षात काही राहायचं नाही हे खरं, पण पोटातही काही राहायचं नाही.

सोपाननं ते सरुबाईला सांगितलं. सरुबाईनं वाडीतल्याच छबूबाईला. दोघींनी त्याचा अर्थ लावला तो आपल्या चालीनं लावला. एकादशी सगळ्यांची एकाच दिवशी असते, अवस सगळ्यांची एकाच दिवशी असते, तशा पोर न होण्याच्या तिथी बारामतीच्या बाईनं काढून दिलेल्या असणार. त्या जयवंता मेलीनं आपल्या एकटीपुरत्या ठेवल्या. जयवंताला विचारायची सोयच नव्हती, कारण विचारलं असतं तर चोरी कळली असती. तेव्हा कुंपणावर घोंगडी चढली, की सरुबाई सोपानचं अंथरूण दाराबाहेर फेकायची आणि छबूबाई आपल्या रामहरीचं. घोंगडी उतरली की दोघांना घर मोकळं. पहिले काही महिने काहीच झालं नाही. सरुबाईचं पोर पीत असल्यामुळं तिला तसंही काही होणार नव्हतं आणि छबूबाईचं नशीब जोरावर होतं. श्रेय मात्र सगळं घोंगडीला गेलं.

मळ्यात तीन तीन गडी राखणीला झोपू लागले. वाडीची वांगी आणि पेरू इतके निर्धास्त कधीच नव्हते. जयवंतालाही एकदा नवल वाटलं, की हल्ली सगळ्यांनाच कोल्ह्यांची एवढी काळजी का. पण तिला स्वतःची काळजी थोडकी नव्हती.

कारण धोंडाबाईचा धीर सुटला होता. तिचा भाऊ गेणू इंदापुराकडं राहायचा. त्याची धाकटी पोरगी लग्नाची होती. मामाची पोरगी, घरातलीच, हक्काची. धोंडाबाईनं निरोप धाडला. जयवंतानं नवऱ्याला मळ्यात गाठलं.

"तुमी आत्याबाईला न्हाय म्हनून सांगा," ती म्हणाली.

"सांगतो की," झुंबर म्हणाला. त्याला ते लगेच पटलं होतं.

"सांगा म्हंजे आजच सांगा."

संध्याकाळी आई म्हणाली, "झुंबऱ्या, तुझ्याच भल्याचं हाय." झुंबरला तेही पटलं.

नवरा वाईट असता तर जयवंताला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. हा चांगला होता, आणि चांगुलपणानं तिच्या घरात सवत आणत होता.

गुरुवारी, बारामतीच्या बाजाराच्या दिवशी, गेणूमामाची गाडी दारात सुटली. पुरणपोळीचा बेत होता. आपल्या होणाऱ्या सवतीच्या बापासाठी जयवंतानं स्वतःच्या हातानं पुरण वाटलं, आणि ते इतकं जोर लावून वाटलं की पाटा हलत होता. मामा सोप्यात पागोटं सोडून जेवायला बसला. धोंडाबाई वाढत होती. झुंबर खांबाला टेकून डोकं खाजवत उभा होता.

"आक्का, पोरीला बघायचं काई ठेवलं न्हाय, तू बघितलेलीच हाय," मामा म्हणाला. "तेवढी सुपारी फोडू."

"फोडू की," धोंडाबाई म्हणाली. "झुंबऱ्या, बोल की रं."

झुंबरनं जयवंताकडं बघितलं. जयवंतानं पोळीवर तूप ओतलं ते ताटाच्या बाहेर गेलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात कुंपणाचं झापं ढकलून सरुबाई आत आली. मागून छबूबाई. दोघींची तोंडं पिवळी पडलेली, आणि सरुबाईनं अंगणातच एकदा ओकारी काढली.

"कुठं हाय ती जयवंता?" ती म्हणाली. "तिची घोंगडी जाळायला आलेय मी."

"घोंगडीनं तुझं काय केलं?" धोंडाबाई म्हणाली.

"सावं पोर केलं," सरुबाई म्हणाली. "आनि हिला पाचवं."

मामाचा घास हातातच राहिला. झुंबर हळूच खांबाच्या पलीकडच्या बाजूला झाला.

मग सरुबाईनं सगळं सांगितलं. बारामतीची बाई, तिथी, घोंगडी, दाराबाहेर फेकलेली अंथरुणं. घोंगडी कुंपणावर असताना एकदासुद्धा चूक केली नाही, देवाची आण, आणि तरी हे असं. तिला फसवलं होतं. जयवंतानं मुद्दाम खोट्या दिवशी घोंगडी टाकली होती.

जयवंतानं कपाळाला हात लावला. सगळं उघडं पडलं होतं, आणि तेही भर ताटावर. आता लपवून काही उपयोग नव्हता, म्हणून तिची भीतीच गेली.

"अगं सरुबाई, ही काय एकादशी हाय का, सगळ्यांनी एकदम धराया?" ती म्हणाली. "ते दिस माझे व्हते. माझ्या अंगाचे. तुझे येगळे, हिचे येगळे. मी जवा घोंगडी काढीत व्हते, तवा तुमचे नेमके नको ते दिस असतील. मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू सांगितलं असतंस व्हय?"

"बारामतीला नेली असती तुला हाताला धरून."

सरुबाई मटकन खाली बसली. छबूबाई रामहरीला काय काय करणार ते पुटपुटत तिच्या शेजारी बसली. मग धोंडाबाईनं हातातलं पोळ्यांचं ताट खाली ठेवलं.

"म्हंजे तू पोर हू देत न्हवतीस," ती सुनेला म्हणाली.

"व्हय."

"का?"

"धाकटीच्या येळी डाक्तरीन म्हनली, फुडलं बाळंतपन म्हंजे हिचं मरान."

"मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

उत्तर धोंडाबाईच्या समोरच पाटावर बसून पुरणपोळी खात होतं.

"मला तुमची बानू व्हायाचं न्हवतं, आत्याबाई," जयवंता म्हणाली.

बानूचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. बानू म्हणजे झुंबरची थोरली बहीण. सुप्याला दिली होती. दुसऱ्या बाळंतपणात कशीबशी वाचली, तेव्हा तिथल्या सुईणीनं सासूला बजावलं होतं, की आता पुरे. सासूला नातू हवा होता. तिसऱ्या वेळी बानू गेली, पोरही गेलं, आणि महिना उलटायच्या आत त्या घरात दुसरी सून आली. त्या दिवशी धोंडाबाई चालत सुप्याला गेली होती. वेशीत उभी राहून तिनं त्या सासूला खाटकीण म्हटलं होतं, रांड म्हटलं होतं, तुझ्या घरात दिवा लागायचा नाही म्हणून पदर पसरून शाप दिला होता. लोक अजून सांगतात, की घसा बसला तरी बाई हटली नव्हती. त्यानंतर तिनं सुप्याच्या रस्त्याला पाय ठेवला नाही.

धोंडाबाईनं पदर कमरेला खोचला. जयवंताला वाटलं आता शिव्या येणार. आपण फार बोललो असं तिला वाटलं आणि बोललो ते बरं झालं असंही वाटलं.

"गेणू," धोंडाबाई भावाला म्हणाली, "पोटभर जेव आनि गाडी जुंप."

"आगं पन आक्का, तूच निरोप धाडलास."

"तो निरोप बानूच्या सासूचा व्हता. मी तिला येशीत हुबं ऱ्हाऊन शिव्या दिल्यात. त्याच शिव्या आता मला कोन देनार, तू?"

मामा जेवला. रागावला होता, पण पोळी चांगली झाली होती. गाडी जुंपून तो निघून गेला. सरुबाई आणि छबूबाईला धोंडाबाईनं उरलेल्या पोळ्या बांधून दिल्या, आणि जयवंतानं सांगितलं, की पोरं झाली की दोघींना बारामतीला घेऊन जाईन, आणि आपापले चिंचोके आपापल्या कोनाड्यात ठेवायचे.

सगळे गेल्यावर सासू सुनेजवळ येऊन बसली. तिच्या मनात काहीतरी जुळत होतं.

"जयवंते," ती म्हणाली, "न्हाणं झालं की मी ह्येला मळ्यातनं बखोटीला धरून आनीत व्हते. ते दिस कसले?"

"बिनघोर, आत्याबाई."

"आनि तूपभात?"

"तूपभात झ्याक व्हता."

धोंडाबाईनं सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला. मग पदर तोंडाला लावून ती हसू लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते दोघींनाही कळलं नाही. बानूला असं सांगणारी कुणी भेटली असती तर, एवढंच ती परत परत म्हणत होती. जयवंता तिचा हात धरून बसून राहिली. सासूचा हात तिनं लग्नापासून पहिल्यांदाच धरला होता.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण धोंडाबाई अर्धवट काही करणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनंच घोंगडी कुंपणावर टाकली. जयवंता म्हणाली, "आत्याबाई, आज नगं, अजून चार चिंचोके हायती." धोंडाबाई म्हणाली, "आसू दे." बारा दिवस संपले, घोंगडी हलली नाही. न्हाणं झालं, हलली नाही. "त्या बाईनंच सांगितलंय न्हवं, पक्का भरवसा न्हाय म्हनून," धोंडाबाई म्हणाली. "मला सून पायजे. माझ्या लेकाला काय हुतंय, मळ्यात हवा चांगली असती." झुंबरला हेही पटलं. तो खोपीत राहू लागला. त्याच्यासाठी घोंगडी म्हणजे घोंगडी. उन्हापावसात ती विटली, तिच्यावर चिमण्या बसू लागल्या, तरी लेक घराकडं फिरकेना आणि आई कुंपणावरून नजर काढेना.

जयवंतानं एक महिना काढला. दुसरा निम्मा काढला. ज्या घोंगडीनं जीव वाचवला, तीच आता जिवावर उठली होती. एका दुपारी तिनं चिंचोके मोजले, पुन्हा मोजले, भाकरीची पाटी भरली, पोरींना सासूच्या हवाली केलं आणि अंगणात आली. कुंपणाशी थांबून तिनं घोंगडी ओढून काढली, झटकली आणि खांद्यावर टाकली.

"आगं, घोंगडी कुठं घिऊन चाललीस?" धोंडाबाईनं दारातून विचारलं.

"मळ्यात, आत्याबाई," जयवंता चालता चालता म्हणाली. "खोपीत खाली खडं लई टोचत्यात."